घरातील धान्यकोठी कशी निवडावी?

रब्बीची मळणी आटोपली की गहू, ज्वारी, हरभरा घरात येऊन पडतो आणि वर्षभराच्या बेगमीची लगबग सुरू होते. धान्य उन्हात पसरले जाते, पाखडले जाते, निवडले जाते. ज्या कोठीत ते पुढचे दहा-बारा महिने राहणार असते, तिच्याकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. शीतकपाट, मिक्सर किंवा घरघंटी घेताना चार दुकाने पालथी घातली जातात, हमीपत्र तपासले जाते, शेजाऱ्यापाजाऱ्यांचा अनुभव विचारला जातो. धान्याची कोठी मात्र आठवडी बाजारात पत्र्याची चमक पाहून किंवा भाव पाडून घेतली जाते. वास्तविक विजेशिवाय, वर्षाचे ३६५ दिवस, अखंड काम करणारे घरातील हे एकमेव उपकरण आहे. ते बिघडले तर आवाज होत नाही, धूर निघत नाही. बिघाड कळतो तो आषाढ-श्रावणात, झाकण उघडल्यावर येणाऱ्या कुबट वासावरून आणि तळाशी साचलेल्या पिठावरून.

चुकीच्या कोठीची किंमत केवळ काही किलो धान्यापुरती नसते. कीड दिसली की घरातील कर्ता माणूस घाबरतो आणि कोणीतरी सुचवलेली ‘गॅसची गोळी’ घरी आणतो. राहत्या घरात, माणसे झोपतात त्या खोलीत, ती गोळी धान्यात टाकली जाते. पुढे काय होते, हे दरवर्षी देशाच्या कोणत्या ना कोणत्या भागातून येणाऱ्या बातम्यांत वाचावयास मिळते. म्हणूनच कोठीची निवड हा धान्य साठवणीचा प्रश्न आहे, तितकाच तो कुटुंबाच्या सुरक्षिततेचाही आहे.

कीड कोठीत येते कशी?

साठवणीतील कीड ‘आपोआप’ होते, हा समज अजूनही दृढ आहे. प्रत्यक्षात ती तीन वाटांनी येते. पहिली वाट शेतातून. कडधान्यांवरील भुंगेऱ्याची मादी उभ्या पिकातील पक्व शेंगांवर अंडी घालते. धान्यावरील पतंगही शेतातील कणसांपर्यंत पोहोचतो. अशा वेळी घरात येणारे धान्य वरून स्वच्छ दिसले तरी आत कीड घेऊनच येते. दुसरी वाट जुन्या धान्यातून. मागील वर्षीची पोती, कोठीच्या सांध्यात अडकलेले दाणे, भिंतीच्या भेगा ही किडींची आश्रयस्थाने होत. खापरा भुंगेऱ्याची अळी अशा भेगेत अन्नाविना सुप्तावस्थेत दीर्घकाळ, प्रसंगी काही वर्षे, तग धरते. तिसरी वाट बाहेरून. शेजारच्या पोत्यातून निघालेला जेमतेम तीन मिलिमीटर लांबीचा सोंडकिडा सैल झाकणाच्या फटीतून सहज आत शिरतो.

यातील सोंडकिड्याची रीत विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. मादी सोंडेने दाण्याला बारीक छिद्र पाडते, आत एक अंडे घालते आणि चिकट स्रावाने छिद्र बुजवून टाकते. अळी व कोष या दोन्ही अवस्था दाण्याच्या आतच पार पडतात. बाहेरून दाणा अखंड दिसतो आणि प्रौढ कीड दाणा फोडून बाहेर येते तेव्हाच छिद्र दिसते. उबदार हवामानात हे जीवनचक्र सुमारे एका महिन्यात पूर्ण होते. चैत्रात भरलेल्या कोठीत दिवाळीपर्यंत सहा-सात पिढ्या होऊ शकतात, त्या याच हिशेबाने. सुरुवातीला मूठभर दाण्यांत असलेली कीड सणासुदीपर्यंत सर्व कोठी व्यापते, ती एका रात्रीत नव्हे.

यावरून कोठीकडून काय अपेक्षावे, हे स्पष्ट होते. तिसरी वाट बंद करणे हे तिचे पहिले काम. पहिल्या दोन वाटांनी आलेल्या किडीची वाढ थांबवणे हे दुसरे. पहिले काम चांगल्या बनावटीची कोणतीही कोठी करू शकते. दुसरे मात्र हवाबंद साधनच करू शकते.

पेवापासून पिशवीपर्यंत

हवाबंद साठवण ही आधुनिक कल्पना वाटत असली तरी आपल्या वाडवडिलांना ती ठाऊक होती. महाराष्ट्रातील ज्वारीच्या पट्ट्यात जमिनीखाली खोदलेली पेवे आणि उत्तर कर्नाटकातील ‘हगेवू’ ही त्याचीच उदाहरणे. पेव बंद केल्यावर धान्याच्या आणि किडीच्या श्वसनामुळे आतील प्राणवायू कमी होई व कर्बवायू वाढे. नव्याने उघडलेल्या पेवात माणूस उतरवण्यापूर्वी दिवा सोडून पाहण्याची दक्षता घेतली जाई, ती याच कारणाने. ओल झिरपणे हे मात्र पेवाचे दुखणे होते आणि तळाकडील व कडेचे धान्य त्यामुळे काळवंडत असे. बांबूची शेणामातीने लिंपलेली कणगी, वाड्याच्या भिंतीतील बळद, पंजाबातील मातीचा भडोला, आसामातील चौथऱ्यावर उभारलेले भराल ही सारी त्या त्या हवामानाला दिलेली उत्तरे होती. त्यांत हवा खेळत असे, उंदरांपासून काही अंशी संरक्षण मिळे. पण कीड थोपवण्याची क्षमता मर्यादित होती.

स्वातंत्र्योत्तर काळात संशोधन संस्थांनी या परंपरेत सुधारणा केल्या. नवी दिल्ली येथील भारतीय कृषी संशोधन संस्थेने ‘पुसा कोठी’ विकसित केली. कच्च्या विटांच्या दोन भिंतींमध्ये ७०० गेजचा पॉलिथिनचा कागद घालून ओल आणि हवा अडवण्याची तिची रचना आहे. हापूर येथील धान्य साठवण संस्थेने जस्तलेपित पत्र्याची गोल ‘हापूर कोठी’ दिली, तर लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने दीड ते पंधरा क्विंटल क्षमतेच्या पत्र्याच्या कोठ्या प्रचारात आणल्या. आज बाजारात दिसणाऱ्या बहुतेक पत्र्याच्या कोठ्या याच आराखड्यांच्या बऱ्यावाईट नकला आहेत. नक्कल चांगली की वाईट, हे ओळखणे ग्राहकाच्या हाती आहे.

पत्र्याची कोठी : घेण्यापूर्वीच्या सहा तपासण्या

पत्र्याची कोठी उंदरांपासून सर्वांत भक्कम संरक्षण देते आणि नीट वापरल्यास पंधरा-वीस वर्षे टिकते. खरेदीच्या वेळी पुढील बाबी पाहाव्यात.

१. पत्र्याची जाडी. गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ असतो, हे अनेकांना ठाऊक नसते. विक्रेत्याने ‘जास्त गेजचा पत्रा’ असे सांगितले तर ती स्तुती नव्हे. तळहाताने कोठीच्या मध्यभागी दाब द्यावा. पत्रा खोल दबत असेल तर धान्याच्या भाराने तो पुढे फुगणार आणि सांधे उकलणार, असे समजावे.

२. जस्ताचा लेप. आतून-बाहेरून लेप सारखा असावा. सांध्याच्या जवळ, जेथे उष्णता देऊन जोडकाम झालेले असते, तेथे लेप जळून गंज सर्वप्रथम धरतो. अशा जागी तपकिरी डाग दिसत असतील तर कोठी नवी असली तरी घेऊ नये.

३. सांधे. अंधाऱ्या खोलीत कोठीच्या आत पेटती विजेरी ठेवून झाकण लावावे आणि बाहेरून चहूबाजूंनी पाहावे. जेथून प्रकाशाची रेघ दिसते तेथून किडीला वाट आहे. ही तपासणी दुकानातही पाच मिनिटांत होते आणि कोणताही प्रामाणिक कारागीर तिला नकार देत नाही.

४. तळ. कोठीत दोन-तीन इंच पाणी भरून अर्धा तास ठेवावे. बाहेरून ओल आली तर तळाचा सांधा कच्चा आहे. त्यानंतर कोठी पूर्णपणे वाळवूनच वापरावी.

५. झाकण आणि खालचे तोंड. झाकणाची कड कोठीच्या तोंडावर किमान दोन बोटे खाली उतरावी आणि तिच्या आत रबराची पट्टी असावी. धान्य काढण्याच्या खालच्या तोंडाचे झाकण घट्ट बसणारे असावे. बहुतेक कोठ्यांत कीड शिरते ती याच तोंडातून. कारण रोजच्या वापराने ते सैल होते आणि त्याच्या खाचेत दाणे व पीठ अडकून राहते.

६. खरी क्षमता. ‘दोन क्विंटलची कोठी’ या शब्दावर विसंबू नये. एक क्विंटल गव्हाला सुमारे १३० लिटर जागा लागते. ६० सेंटिमीटर व्यास आणि ९० सेंटिमीटर उंचीच्या गोल कोठीची जागा सुमारे २५० लिटर भरते, म्हणजे तीत १९० किलोच्या आसपास गहू मावतो. मोजपट्टी घेऊन दुकानातच हा हिशेब करावा.

कोठीच्या आकाराविषयी एक सूचना विशेष महत्त्वाची. सबंध वर्षाचे धान्य एकाच मोठ्या कोठीत भरण्याऐवजी दोन किंवा तीन लहान कोठ्या घ्याव्यात. महिन्याला ३५ किलो गहू लागणाऱ्या कुटुंबाची वर्षाची गरज सुमारे सव्वाचार क्विंटल होते. ती एका कोठीत भरल्यास रोज झाकण उघडून वर्षभर साऱ्या धान्याला हवा आणि दमटपणा लागतो. तीन कोठ्या असल्यास दोन बंद राहतात आणि एक वापरात राहते. एका कोठीत कीड झालीच तरी नुकसान तिच्यापुरते मर्यादित राहते.

पत्र्याचा एक दोषही सांगितला पाहिजे. दिवसा तापणारा आणि रात्री निवणारा पत्रा आतील दमट हवेचे पाणी करतो. झाकणाखालील वरचा थर ओलसर होऊन त्याला बुरशी येते. म्हणून कोठी उन्हात, पत्र्याच्या छपराखाली किंवा बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नये. घडवंचीवर किंवा लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर अंतरावर ती असावी.

हवाबंद पिशवी : किडीचा श्वास कोंडणारे साधन

गेल्या काही दशकांत हवाबंद पिशव्यांनी साठवणीच्या तंत्रात मोठी भर घातली आहे. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात आफ्रिकेतील कॅमेरूनमध्ये चवळीच्या साठवणीसाठी काम सुरू केले. त्यातून तीन पदरी पिशवी आकाराला आली. आतील दोन पदर जाड पॉलिथिनचे आणि बाहेरचा पदर विणलेल्या पॉलिप्रॉपिलीनचा, अशी तिची रचना आहे. याच तत्त्वावर एकपदरी, पण हवा अडवणारा विशेष थर असलेल्या पिशव्याही मिळतात. त्या नेहमीच्या पोत्याच्या आत अस्तरासारख्या वापरल्या जातात.

पिशवी बंद केल्यावर आतील किडी आणि धान्य श्वसनाद्वारे प्राणवायू वापरत जातात. त्याचे प्रमाण खूप खाली आले की किडींचे खाणे थांबते. पुढे जे घडते ते कीटकशास्त्राच्या दृष्टीने मोठे लक्षणीय आहे. कोरड्या धान्यात राहणाऱ्या या किडींना पिण्यास पाणी नसते. अन्नाच्या ज्वलनातून शरीरात तयार होणाऱ्या पाण्यावर त्या जगतात आणि या ज्वलनाला प्राणवायू लागतो. प्राणवायू संपला की पाणीही संपते. किडी केवळ गुदमरून नव्हे, तर मुख्यतः शुष्क होऊन मरतात. कीड आधीच असलेल्या धान्यात हे कार्य अधिक वेगाने होते, कारण प्राणवायू वापरणारी तोंडे अधिक असतात. दाण्याच्या आत दडलेली अळीही यातून सुटत नाही. कोणतेही रसायन न वापरता मिळणारा हा परिणाम आहे.

पिशवी घेताना तिच्यात हवा भरून तोंड पिळून धरावे आणि दाब देऊन पाहावा. फुगा टिकला तर पिशवी चांगली. तीन पदरी पिशवीचे आतील दोन्ही पदर अशा रीतीने स्वतंत्रपणे तपासावेत. धान्य भरल्यावर उरलेली हवा दाबून काढावी, प्रत्येक पदराचे तोंड वेगळे पिळावे, दुमडावे आणि घट्ट बांधावे. तिन्ही तोंडे एकत्र गुंडाळून एकच गाठ मारली तर मधून हवा शिरत राहते. वारंवार उघडावयाचे धान्य या पिशवीत ठेवू नये. प्रत्येक वेळी पिशवी उघडणे म्हणजे किडीला नव्याने श्वास देणे होय. बियाणे, कडधान्ये आणि वर्षाच्या उत्तरार्धात लागणारे धान्य यांसाठी ती सर्वांत उपयुक्त.

तिच्या मर्यादाही आहेत. उंदीर ती सहज कुरतडतात. तसेच दाणे पोखरणाऱ्या भुंगेऱ्यासारखी कीड लाकूड पोखरणाऱ्या कुळातील असून प्लास्टिकलाही छिद्र पाडू शकते. त्यामुळे उंदीर असलेल्या घरात पिशवी थेट जमिनीवर न ठेवता पत्र्याच्या कोठीत किंवा पिंपात ठेवावी. पत्र्याचे बळ आणि पिशवीचा हवाबंदपणा यांचा असा मेळ घरगुती साठवणीसाठी उत्तम ठरतो. दुसऱ्या हंगामात वापरण्यापूर्वी पिशवी पुन्हा हवा भरून तपासावी.

आटे असलेल्या किंवा कडीने आवळल्या जाणाऱ्या झाकणाचा जाड प्लास्टिकचा पिंपही हवाबंद साठवणीसाठी चांगला असतो. मात्र तो खाद्यपदार्थांसाठी बनवलेला, नवा असावा. भंगारात स्वस्त मिळणारे निळे पिंप पूर्वी कोणत्या रसायनाचे होते, हे कळण्याचा मार्ग नसतो. धुतल्याने वास जातो, विष जातेच असे नाही. कीटकनाशकाच्या रिकाम्या डब्यांचा व पिंपांचा वापर तर कदापि करू नये.

ओल्या धान्याला कोणतीही कोठी तारत नाही

साधन कितीही चांगले असले तरी दमट धान्य त्यात टिकत नाही. उलट हवाबंद साधनात दमट धान्य भरले तर ते आंबते, त्याला बुरशी येते आणि बियाण्याची उगवणशक्ती जाते. तृणधान्यांत १२ टक्क्यांपर्यंत, कडधान्यांत ९ ते १० टक्के आणि तेलबियांत ७ ते ८ टक्के ओलावा असताना साठवण करावी, अशी सर्वसाधारण शिफारस आहे.

घरी ओलावा पाहण्याच्या काही रीती आहेत. दाताखाली दाणा ‘कट्‌’ असा आवाज करून तुटावा, हा अनुभवाचा मापदंड. दुसरी रीत मिठाची. कोरड्या काचेच्या बाटलीत पूर्ण सुके मीठ आणि थोडे धान्य घालून दहा-पंधरा मिनिटे अधूनमधून हलवावे. मीठ काचेला चिकटले तर ओलावा १५ टक्क्यांहून अधिक आहे. मीठ न चिकटणे म्हणजे धान्य साठवणीस योग्य झाले, असे मात्र नव्हे. केवळ ते फार ओले नाही, एवढेच त्यावरून कळते. तिसरी रीत अधिक भरवशाची. हवेतील आर्द्रता दाखवणारे लहान अंकदर्शक यंत्र धान्याबरोबर पारदर्शक पिशवीत बंद करून सावलीत काही तास ठेवावे. यंत्रावरील सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या खाली स्थिरावली तर बुरशीचा धोका टळला. शेतकरी गटाने असे एक यंत्र किंवा ओलावामापक घेतल्यास सर्वांचे काम भागते.

उन्हाविषयीचा एक गैरसमजही येथे दूर करावयास हवा. धान्य उन्हात पसरल्यावर पोरकिडे पळताना दिसतात आणि कीड गेली असे वाटते. पळतात ते प्रौढ किडे आणि ते जातात शेजारच्या पोत्यात. दाण्यातील अळी साध्या उन्हाने सहसा मरत नाही. म्हणून कीडग्रस्त धान्याचे वाळवण साठवणीच्या जागेपासून दूर घालावे आणि चाळून निघालेला भुसा व किडे जाळून वा खोल पुरून टाकावेत. तसेच उन्हातून उचललेले तापलेले धान्य तसेच कोठीत भरू नये. ते सावलीत पूर्ण निवू द्यावे, अन्यथा आत वाफ धरते.

गोळीचा मोह

ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळीचा हवेतील ओलाव्याशी संपर्क आला की फॉस्फीन वायू निघतो. तीन ग्रॅमच्या एका गोळीतून सुमारे एक ग्रॅम वायू बाहेर पडतो. या वायूच्या विषबाधेवर कोणताही उतारा उपलब्ध नाही. तो हवेपेक्षा किंचित जड असून दारांच्या फटींतून, भिंतींच्या भेगांतून शेजारच्या खोलीत पसरतो. बंद खोलीत झोपलेल्या लहान मुलांना त्याचा धोका सर्वाधिक असतो. मळमळ, उलट्या, चक्कर, श्वास लागणे ही लक्षणे अन्नातून झालेल्या विषबाधेसारखी दिसतात आणि त्यामुळे उपचाराला उशीर होतो.

या रसायनाची धुरी शासकीय यंत्रणा किंवा अधिकृत कीडनियंत्रक यांनीच, मान्यताप्राप्त तज्ज्ञांच्या देखरेखीखाली द्यावी, असे बंधन देशात आहे. तीन ग्रॅमच्या १० व २० गोळ्यांच्या नळ्यांचे उत्पादन, विक्री व वापर यांवर २००१ पासून पूर्ण बंदी आहे. तरीही काही ठिकाणी सुट्या गोळ्या हातोहात विकल्या जातात, हे वास्तव विस्तार कार्यकर्त्यांना ठाऊक आहे.

येथे कोठीच्या निवडीचा प्रश्न पुन्हा समोर येतो. धुरी परिणामकारक होण्यासाठी साधन अनेक दिवस पूर्ण वायुबंद राहावे लागते. फटी असलेल्या कोठीत टाकलेल्या गोळीचा वायू घरात पसरतो आणि कोठीत पुरेसा उरत नाही. किडी मरत नाहीत, माणसे मात्र संकटात सापडतात. शिवाय अपुऱ्या मात्रेतून वाचलेल्या किडींच्या पिढ्या पुढे त्या वायूला दाद देत नाहीत. भारतात दाणे पोखरणारा भुंगेरा आणि पिठातील तांबडा भुंगेरा यांच्यात अशी प्रतिकारशक्ती आढळली आहे. आणि कोठी जर खरोखर वायुबंद असेल, तर हवाबंद साठवणीनेच कीड मरते, तिला गोळीची गरज उरत नाही. म्हणजे कच्च्या कोठीत गोळी निरुपयोगी आणि पक्क्या कोठीत अनावश्यक. राहत्या घरात तिला स्थान नाही.

एखाद्या घरात गोळी टाकली गेल्याचे कळल्यास सर्वांना तत्काळ मोकळ्या हवेत आणावे. गोळ्यांवर पाणी ओतू नये. कोणालाही त्रास जाणवत असल्यास विलंब न करता रुग्णालयात न्यावे आणि कोणते रसायन होते, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

धान्यात पाऱ्याच्या टिकड्या घालण्याची किंवा डाळींना बोरिक पावडर चोळण्याची पद्धतही अनेक घरांत आहे. पारा विषारी आहे आणि बोरिक पावडर हे खाद्य नव्हे. या दोन्ही पद्धती सोडून द्याव्यात. त्या मानाने जुन्या रीतींपैकी एक अजूनही कामाची आहे. कडधान्याला एका किलोस ५ ते १० मिलिलिटर या प्रमाणात खाद्यतेल किंवा एरंडेल चोळल्यास भुंगेऱ्याच्या अंडी घालण्यात व उबवणीत अडथळा येतो. तसेच कडधान्याची डाळ करून ठेवली तर हा भुंगेरा तिच्यावर फारसा वाढत नाही. त्यामुळे तूर व हरभऱ्याचा घरखर्चाचा भाग वेळेवर डाळ करून घेणे हाही साठवणीचाच उपाय होय.

किंमत कशी पाहावी?

स्वस्त कोठी आणि किफायतशीर कोठी यांत फरक आहे. खरेदीची किंमत क्षमतेने आणि अपेक्षित वर्षांनी भागून पाहावी. समजा, दोन क्विंटलची चांगली कोठी ३,००० रुपयांना मिळते आणि १५ वर्षे टिकते. तर क्विंटलमागे वर्षाला १०० रुपये खर्च येतो. तीच क्षमता १,८०० रुपयांत देणारी पातळ पत्र्याची कोठी पाच वर्षांत गंजली तर हा खर्च १८० रुपये होतो. समजा, ५० किलोची हवाबंद पिशवी १५० रुपयांची असून दोन हंगाम टिकते. तर क्विंटलमागे वर्षाला १५० रुपये पडतात. हे आकडे केवळ हिशेबाच्या रीतीसाठी आहेत. स्थानिक भाव घालून प्रत्येकाने तो स्वतः मांडावा आणि त्यासमोर मागील वर्षी पाखडून टाकलेल्या धान्याची किंमत लिहावी. निर्णय बहुधा त्या कागदावरच होतो.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

साठवणीचा विषय व्याख्यानापेक्षा प्रात्यक्षिकाने अधिक पटतो. त्यासाठी काही साध्या चाचण्या उपयोगी पडतील.

बरणीची साक्ष : साठवणीच्या दिवशी त्याच धान्यातील दोन मुठी काचेच्या बरणीत घालून तोंडाला पातळ कापड बांधावे आणि ३५ ते ४० दिवस ठेवावे. बरणीत किडे निघाले तर कीड शेतातून वा जुन्या पोत्यातून आली होती, हे सिद्ध होते. अशा घरी हवाबंद साधनाचीच शिफारस करावी.

शंभर दाण्यांची मोजणी : दर महिन्याला कोठीच्या वरच्या, मधल्या व खालच्या थरांतून प्रत्येकी शंभर दाणे घेऊन छिद्र पडलेले दाणे मोजावेत. छिद्रे वाढत असतील तर साधनात किंवा ते बंद करण्याच्या रीतीत दोष आहे. बियाण्यासाठी याच्या जोडीला ओल्या कापडात शंभर दाण्यांची उगवण चाचणी घ्यावी.

सापळा : कोईमतूर येथील तामिळनाडू कृषी विद्यापीठाने विकसित केलेला छिद्रांच्या नळीचा सापळा धान्यात खुपसून ठेवला की भटकणारे किडे छिद्रांतून आत पडतात. हवेच्या शोधात फिरण्याच्या किडीच्या सवयीवर तो आधारलेला आहे. त्याने कीड लवकर लक्षात येते. पूर्ण बंदोबस्तासाठी मात्र त्यावर विसंबू नये.

बचत गटांच्या बैठकीत अंधाऱ्या खोलीतील विजेरीची तपासणी करून दाखवावी. दहा घरांच्या कोठ्या अशा तपासल्या तर किती सांध्यांतून प्रकाश येतो, हे सर्वांना प्रत्यक्ष दिसेल. धान्य साठवणीचा कारभार बहुतेक घरांत महिलांच्या हाती असतो. कोठीची खरेदी मात्र पुरुष करतात. हे अंतर मिटवले, म्हणजेच जी रोज कोठी उघडते तिच्या पसंतीने ती घेतली गेली, तर निवडीतील निम्म्या चुका टळतील.

भरण्यापूर्वी एक दिवस

नवे धान्य येण्यापूर्वी जुनी कोठी पूर्ण रिकामी करावी, सांध्यांतील व खालच्या तोंडातील अडकलेले दाणे ब्रशने काढावेत, कोठी उन्हात तापवावी, भिंतींच्या भेगा बुजवाव्यात आणि जुने धान्य नव्यात कधीही मिसळू नये. जुनी पोती उकळत्या पाण्यातून काढून वाळवावीत. याला एक दिवस लागतो. तो दिवस मळणीच्या धामधुमीत बहुधा राहून जातो आणि श्रावणात त्याची आठवण होते. नव्या हंगामाची कोठी घेण्यास निघण्यापूर्वी हातात मोजपट्टी आणि खिशात विजेरी असावी, एवढी पूर्वतयारी पुरेशी आहे.